पहिली गाडी बोलण्याची

नेट हळू झालं की आमच्या गावातले लोक फोन करून एकच विचारायचे, "कंट्रोलर साहेब, स्पीड किती येऊन राह्यला?" आणि कंट्रोलर उलट विचारायचे, "कोणाचा?"

समोरचा गोंधळायचा. "म्हंजे, माह्या घरचा."

"तुह्या घरी कोण काय करून राह्यलं ते सांग आधी. बायको माहेरी बोलून राह्यली असन तं तिचा स्पीड बरोबर हाय. तू पिक्चर पाहून राह्यला असशीन तं तुहाबी बरोबर हाय. दोघाचा सारखा नाही, एवढंच."

एवढं बोलून ते फोन ठेवत आणि मला म्हणत, "लिहून घे पोरी, तक्रार मिटली." तक्रार अजिबात मिटलेली नसायची. तोच माणूस दहा मिनिटांत धापा टाकत जिना चढून वर यायचा, आणि मग त्याला चहा पाजून समजावण्याचं काम माझ्याकडे यायचं.

ही गोष्ट घाटंजीची. एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. खालून खतांचा आणि फवारणीच्या औषधांचा वास यायचा, वर राउटरच्या पंख्यांची घरघर असायची, आणि दोन्हींच्या मध्ये मी तक्रारींचं रजिस्टर घेऊन साडेतीन वर्षं बसले. आता मी पुण्यात एका कंपनीत आहे. काम तेच, फक्त खुर्ची फिरणारी आहे. कोणती माहिती आधी सोडायची, कोणती मागे ठेवायची, याचे रंगीत तक्ते इथे भिंतभर पडद्यांवर दिसतात आणि त्यावर तासन्‌तास बैठका होतात. पहिल्या बैठकीत तो तक्ता पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. हाच तक्ता मी घाटंजीच्या भिंतीवर निळ्या स्केचपेनने लिहिलेला पाहिला होता, आणि तो लिहिणाऱ्या माणसाला कीबोर्डवर स्वतःचं नाव टाइप करायला तीन मिनिटं लागत.

त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत, कारण ते खरोखरच कंट्रोलर होते. दिग्रसच्या बस स्थानकावर तीस वर्षं माइकसमोर बसून गाड्या सोडल्या. निवृत्त झाले तेव्हा घाटंजीत मेहुण्याचा केबलचा धंदा मरायला टेकला होता. तो त्यांनी हाती घेतला, खांबांवरून नवी वायर ओढली आणि नेट सुरू केलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं. ते म्हणायचे, "गाड्या कमी अन् माणसं जास्त, एवढंच तं हाय. मंग तीस वर्षं मी काय केलं?"

माझी मुलाखत त्यांनी घेतली तीही अशीच. मी बी.एस्सी.ची गुणपत्रकं प्लास्टिकच्या पिशवीतून नेली होती. पिशवीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा काय करते?"

"नगरपरिषदेत आहेत. पाणी सोडतात."

ते एकदम पुढे सरकले. "कोणत्या भागाले आधी सोडते?"

"टेकडीवरच्या. टाकी भरलेली असते तेव्हाच तिथं पाणी चढतं. खालच्या भागाला मागून दिलं तरी पोचतं."

"उद्यापासून ये," ते म्हणाले. "पाणी वाटणाऱ्याची पोरगी नेट वाटू शकते."

माझा थोडा अपमानच झाला. तीन वर्षं घासून मिळवलेली डिग्री एका बाजूला राहिली आणि बाबांच्या वशिल्याने, त्याही बाबांना माहीत नसलेल्या, मला नोकरी लागली. घरी सांगितलं तर बाबा दिवसभर खूश होते.

भिंतीवरचा तो तक्ता असा होता. पहिली गाडी, बोलणं. दुसरी, फारम, परीक्षा, बँक. तिसरी, चिठ्ठ्या आणि फोटो. शेवटची, पिक्चर, गाणे, मॅच. आणि खाली दोन रेघा मारून, "ज्याले थांबता येते त्याले थांबवा. बंद कोणालेच करू नका."

यवतमाळहून आमच्याकडे येणारी लाइन मापात होती. संध्याकाळी सात वाजता सगळं गाव घरी आलं की त्या एका लाइनीत सगळे एकदम घुसत. कोणी काही केलं नाही तर जो मोठा तो पुढे जातो, म्हणजे पिक्चर पुढे जातो आणि फोनवरचं बोलणं तुटतं. कंट्रोलर राउटरमध्ये बसून, म्हणजे राउटरसमोर बसून, हे उलटं करत. बोलणं अंगाने बारीक असतं पण त्याला थांबता येत नाही. "शब्द उशिरा आला तं तो दुसऱ्याच वाक्यात जाऊन पडते," ते म्हणत. "पिक्चर कापसाची गाडी हाय. उद्या पोचली तरी कापूसच राहते."

व्हिडिओ कॉलचेही त्यांनी दोन भाग केले होते. आवाज पहिल्या गाडीत, चित्र शेवटच्या. संध्याकाळी आमच्या गावातले लोक नातेवाइकांचं बोलणं खणखणीत ऐकत आणि तोंडं मात्र अर्धवट उघडी राहिलेली पाहत. मी म्हटलं, "काका, लोकांना माणूस पाहायचा असतो." ते म्हणाले, "पाहून घेते ना. पाच मिनिटानं पाहते. तोंड काय पळून जाते?" या नियमाचा त्यांना फार अभिमान होता. यवतमाळचे इंजिनिअर आले की ते तक्त्याआधी हा नियम सांगत.

माणूस हट्टी होता. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की ते खुर्चीतून उठून उभे राहत, फलाटावर गाडी लागल्यासारखे. जुना खाकी शर्ट आठवड्यातून दोन दिवस तरी अंगात असायचा. लाइन तुटली की ग्राहकांच्या ग्रुपवर ते आवाजी निरोप टाकत, तोही स्थानकाच्या माइकवरचा आवाज काढून, पुस्तकी मराठीत. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. यवतमाळहून येणारी लाइन माकडांनी तोडल्यामुळे अंदाजे एक तास उशिराने धावत आहे." आणि हे सगळं दोनदा. माझी मैत्रीण म्हणायची, तुमचं नेट बंद पडलं तरी करमणूक चालूच असते.

पुसदला त्यांच्या भाचीचं लग्न होतं तेव्हाचा किस्सा काकू, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून सांगतात. पंगत बसायची वेळ झाली. सोयऱ्यांची पंगत पहिली, हा सगळीकडचा रिवाज. नवऱ्या मुलाचे मामा, काका ताटांवर बसायच्या बेतात होते आणि हे मांडवात फिरून विचारत होते, "कोणाची गाडी हाय?" बँडवाल्यांची होती. त्यांना उमरखेडला दुसरं लग्न वाजवायचं होतं. कंट्रोलरांनी बँडवाले पहिल्या पंगतीला बसवले. मग ज्यांची दोनची एसटी होती त्या म्हाताऱ्या. मुलाचे मामा रुसून जीपमध्ये जाऊन बसले. कंट्रोलर त्यांना आणायला गेले आणि म्हणाले, "तुमची तं स्वतःची जीप हाय, मामा. तुम्ही म्हणान तवा सुटते." मामांना हे कौतुक वाटलं की टोमणा, हे अजून ठरलेलं नाही, पण ते जेवायला आले.

असाच एकदा जिनिंगवाले शेठ ऑफिसात आले. त्यांना घरची लाइन सगळ्यांच्या पुढे हवी होती आणि त्यासाठी ते दुप्पट द्यायला तयार होते. "शेठ, मोठा प्लॅन घ्या," कंट्रोलर म्हणाले. "तुमचा रस्ता रुंद करून देतो. रांग नाही मोडून देत." शेठ म्हणाले, गावात कोणी नाही म्हटलेलं मला ऐकायची सवय नाही. "मंग आजपासून लावा," कंट्रोलर म्हणाले आणि मला चहा सांगायला लावला. शेठ चहा पिऊन, मोठा प्लॅन घेऊन गेले. त्या वर्षी शेठाणीचं नागपूरला ऑपरेशन झालं. रोज संध्याकाळी डॉक्टरांचा फोन त्या नेटवरच यायचा आणि एकदाही तुटला नाही.

मी हे इतकं कौतुकाने सांगते आहे, तर आता आमची चूक सांगते. आमची म्हणते, कारण रजिस्टरात अक्षर माझं आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक प्रश्न शिकवला होता. कोणाचीही तक्रार आली की आधी विचारायचं, "आवाज येतो का?" नाही म्हटलं तर सगळी कामं सोडून धावायचं. हो म्हटलं तर तक्रार शेवटच्या रांगेत. हा प्रश्न मी इतक्यांदा विचारला की घरी बाबांचा फोन आला तरी तोंडातून तोच निघायचा.

आठवडी बाजाराच्या रस्त्यावरून एका बाईचा फोन यायचा. कनेक्शन कोणा वारलेल्या माणसाच्या नावावर होतं. बाई म्हणायची, "माय, संध्याकाळी कॉलवर चित्र अडकून राह्यलं." मी विचारायची, "आवाज येतो का?" ती म्हणायची, "आवाज येते." मी लिहायची, आवाज ठीक, तक्रार बंद. दोन महिन्यांत हे पाचदा झालं.

मग एका बाजाराच्या दिवशी सकाळी ती बाई स्वतःच जिना चढून आली. तिच्यासोबत गळ्यात टेप अडकवलेली तिशीतली मुलगी होती. मुलीला मी ओळखत होते. ती वंदना. तिच्याकडे मी दोन ब्लाउज शिवून घेतले होते, कागदावर मापं लिहून देऊन, कारण वंदनाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. फोनवरची बाई हिची आई, हे मला तेव्हा कळलं.

"बोला बाई," कंट्रोलर आपल्या माइकच्या आवाजात वंदनाला म्हणाले. तिने एक कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मला ऐकू येत नाही. मी हाताने बोलते. संध्याकाळी कॉलवर समोरच्याचे हात अडकतात. मागच्या महिन्यात माझी मुलाखत अशी अर्धी राहिली. रविवारी चार वाजता परत ठेवली आहे. या वेळी अडकली तर ते दुसरी बाई घेणार आहेत."

शेवटचं वाक्य त्यांनी मनात वाचलं. ते मी नंतर कागदावर पाहिलं.

आईने उरलेलं सांगितलं. अमरावतीकडे मुक्या-बहिऱ्या मुलांची निवासी शाळा होती, तिथे शिवण शिकवायला बाई हवी होती. मुलाखत हातांच्या भाषेतच होती. "मॅडमनं विचारलं, अन् हिले दिसलंच नाही. त्याइले वाटलं, हिले समजत नाही. माही पोरगी हुशार हाय, दादा. पहिल्यांदा कोणी तिच्या बोलीत तिले काम देऊन राह्यलं."

"पण बाई," कंट्रोलर म्हणाले, "तुमी तं दरवेळी सांगितलं, आवाज येते."

"येते ना, दादा. मले येते."

 मी रजिस्टर उघडलं नाही. पाचही ओळी मला पाठ होत्या. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि मी खाली मान घालून त्या टेपवरचे आकडे वाचत बसले.

कंट्रोलरांनी संध्याकाळचे नियम सकाळीच लावायला आणि लाइनही संध्याकाळइतकी चिंचोळी करायला सांगितलं. मग वंदनाला खुणेने म्हणाले, इथून कोणाला तरी लाव. तिने अकोल्याच्या मैत्रिणीला कॉल लावला. ते तिच्या खांद्यामागे उभे राहून पाहत होते. मैत्रीण हसली, हात हलवायला लागली, भराभर काहीतरी सांगत होती, आणि मध्येच एक हात हनुवटीपाशी तसाच राहिला. त्याच वेळी फोनमधून तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी अगदी स्पष्ट ऐकू आली. आमचा नियम बरोबर काम करत होता.

"हे तं बाईच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं झालं," कंट्रोलर हळू म्हणाले. मग म्हणाले, "अन् हात मीच ठेवला."

माफी मागणं त्यांना जमत नसे, त्या दिवशीही जमलं नाही. त्यांनी वंदनाच्या आईला बाकड्यावर बसवलं आणि विचारत गेले. मोबाइलच्या नेटवर का नाही करत? घरात सिग्नलची एकच काडी येते, तीही खिडकीत. यवतमाळला जाऊन? शाळेला ती मशीनवर काम करताना पाहायची होती, कापड बेतताना, शिवताना. म्हणजे घरूनच. म्हणजे आमच्याच लाइनवरून.

आणि रविवारी चार वाजता मॅच होती, फायनल. सगळं गाव ती पाहणार होतं.

त्या दिवशी दिवसभर आम्ही हिशेब मांडला. बोलण्याचं ओझं कमी, शंभर जणांचं बोलणं पहिल्या गाडीत सहज मावतं. चालते हात स्पष्ट दिसायचे तर चित्र पूर्ण लागतं, जातानाही आणि येतानाही. मॅचने लाइन तुडुंब भरलेली असताना त्याला जागा द्यायची तर मॅच दाबावी लागणार होती. मी म्हटलं, "काका, थोडी पुसट करू. कोणाला कळणार नाही." ते माझ्यावर चिडले. साडेतीन वर्षांत तेवढंच एकदा.

"चोरून कायले? गाडी लेट हाय तं प्रवाशाले सांगा लागते."

शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर निरोप गेला. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. उद्या दुपारी चार ते पावणेपाच या वेळेत क्रिकेट सामना पुसट दिसेल. एका प्रवाशाची महत्त्वाची गाडी चुकू नये यासाठी ही व्यवस्था करण्यात येत आहे. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दोनदा. त्याखाली लोकांनी जे लिहिलं ते मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं नाही.

रविवारी त्यांनी मला वंदनाच्या घरी बसवलं आणि स्वतः ऑफिसात थांबले. समोरच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेले झगे, स्टुलावर उभा केलेला मोबाइल. वंदनाने निळी साडी नेसली होती आणि ती तो मोबाइल पुन्हा पुन्हा सरळ करत होती. चार वाजता पडद्यावर पिकल्या केसांच्या बाई आणि दोन शिक्षक आले. त्यांनी काही विचारलं, वंदनाने उत्तर दिलं, आणि मोबाइल सरळ करणं थांबलं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती विनोद करते आहे हे कळत होतं, कारण पिकल्या केसांच्या बाई हसत होत्या. दोन ब्लाउज शिवून घेतले तेव्हा ही मुलगी विनोदी आहे हे मला कधी समजलं नव्हतं.

तिने बाहीचा कागद बेतला, मशीनवर बसली, उठून पुन्हा समोर आली. साधारण चार वीसला बाईंचे हात एक प्रश्न विचारताना हवेत थांबले. वंदनाही थांबली. आई माझ्याकडे पाहायला लागली. मी बाहेर ओट्यावर जाऊन फोन लावला.

"काका, अडकलं."

"पुरं अडकलं?"

"पुरं."

"मॅच रंगात हाय," ते म्हणाले. "पूर्ण गाव लागलं हाय. पुसट करून भागत नाही." मग त्यांची खुर्ची राउटरकडे सरकल्याचा आवाज आला. "बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी आत गेले तेव्हा बाईंचे हात चालत होते. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या बोटातली अंगठी दिसत होती. आणि त्याच वेळी बाहेर गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. एका घरातून, मग दुसऱ्या, मग सगळ्या बाजारओळीतून. कोणी शिव्या देत होतं, कोणी थाळी बडवत होतं. आईने घाबरून दाराची कडी लावली. त्या खोलीत एकट्या वंदनाला काही ऐकू येत नव्हतं. ती पाठ ताठ करून, शांतपणे, मुलांना पहिला टाका कसा शिकवीन ते हाताने सांगत होती.

कंट्रोलरांनी गावाची मॅच अकरा मिनिटं पूर्ण बंद केली होती. बंद कोणालेच करू नका, हे स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहिणाऱ्या माणसाने.

मुलाखत संपल्यावर मी धावत ऑफिसात गेले. जिन्यावर माणसं मावत नव्हती. कंट्रोलर खाकी शर्टात बाकड्यावर बसले होते. कोणीतरी त्यांना वाचवायला म्हणालं, "लाइन तुटली असन, साहेब. माकडानं तोडली असन." एवढी आयती वाट मिळाली होती, पण ते म्हणाले, "माकडाचं नाव नका घेऊ. बंद मी केली."

शेठ पुढे आले. "कोणासाठी?"

"नाव नाही सांगत, शेठ."

"काहून? आम्ही पैसे भरतो."

कंट्रोलर उठून त्यांच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नागपूरच्या डॉक्टरचा फोन तुमच्या घरी रोज येत होता. त्याची गाडी पहिली काढाले मी कितीकदा पिक्चर थांबवले. कोणासाठी थांबवले, ते मी गावात कोणाले सांगतलं?"

 शेठांनी मागे वळून विचारलं, "स्कोर काय झाला रे?" कोणाच्या तरी खिशात रेडिओ होता. त्या अकरा मिनिटांत एकही विकेट पडली नव्हती. गर्दीतला अर्धा राग तिथेच उतरला. उरलेल्यांपैकी काही घरांनी आमचं कनेक्शन सोडलं, आणि त्यातली दोन दिवाळीच्या आत परत आली.

नाव आम्ही सांगितलं नाही, पण वंदनाची आई काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या बाजारापर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं. शाळेचं पत्र आलं तेव्हा पेढे वाटायला मायलेकी दोघी आल्या आणि शेठांच्या घरीही देऊन आल्या.

कंट्रोलरांनी भिंतीवरची पहिली ओळ खोडली नाही, तिच्यापुढे जोडलं. पहिली गाडी, बोलणं, तोंडाचं अन् हाताचं. ज्यांच्या घरी कोणी हाताने बोलतं त्यांनी कळवावं, असा निरोप ग्रुपवर गेला. आणखी तीन घरं निघाली. तक्रारीचा माझा प्रश्न बदलला. "आवाज येतो का" ऐवजी, "बोलणं होतं का?" आणि सगळ्यात खालच्या ओळीखाली त्यांनी बारीक अक्षरात नोंद केली, "एकदा मोडले. मोडणारा मी."

त्यानंतर पंधरा दिवस ते दुपारी जेवल्यावर कुठेतरी जायचे. कुठे, ते सांगायचे नाहीत. काकूंना वाटलं, डॉक्टरकडे. मला वाटलं, दुसरा धंदा काढताहेत.

वंदना निघाली त्या सकाळी मी घाटंजीच्या स्थानकावर गेले होते. शिलाई मशीन टपावर चढवून झालं होतं. ती खिडकीशी बसली होती, आई शेजारी. कंट्रोलर आले, इस्त्री केलेला खाकी शर्ट घालून, आणि खिडकीच्या बरोबर खाली उभे राहिले. घसा खाकरला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि एकही शब्द न बोलता, हातांनी, घोषणा सुरू केली. प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी. यवतमाळमार्गे. अमरावती. बोटं जाडजूड होती, अडखळत होती. अमरावती चुकलं असावं, कारण वंदना खळखळून हसली, खिडकीतून वाकली आणि त्यांचं बोट धरून नीट वळवून दिलं.

कंडक्टर दारात घंटीच्या दोरीला हात घालून उभा होता. "साहेब, टाइम झाला."

"थांब रे," कंट्रोलर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "अनाउन्समेंट दोनदा राहते."

कंडक्टरने दोरी सोडली. त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, अमरावतीसकट, आणि मग गाडी सुटली.